चौथी पाटी

सिन्नरहून निघालो कारखान्याच्या ट्रकमधून,
तेंदूपानांच्या गोण्यांवर, नऊ गडी आणि एक राखीव.
राखीव मल्लेश. तो वाटभर ओकत होता.
साल एकावन्न. जानेवारीतली थंडी अशी
की बोलायला तोंड उघडलं तर आधी दात बोलायचे.
मास्तरांनी बजावलं होतं, शहरात थुंकायचं नाही
आणि नखं कापून यायचं.
नखं कापली. बोटांचं काय करणार?
सातव्या वर्षापासून मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
बोटांची टोकं चिंचेच्या आकड्यांसारखी.

कुमारांच्या आट्यापाट्या, जिल्ह्याचं अजिंक्यपद.
पंचवटीपल्याडच्या माळावर फक्कीच्या रेघा
इतक्या सरळ, की पाय ठेवायची लाज वाटावी.
आम्ही गावात राखेनं आखायचो.
वारा सुटला की पाटीच जायची उडून,
मग निम्मा खेळ भांडणात.

इगतपुरीची रेल्वेची पोरं उंच होती, हरली.
ओझरची हरली, आणि रडलीही.
शेवटचा सामना शहरातल्या तालमीशी.
त्यांचे बनियन नीळ दिलेले,
आमचे नऊ सदरे नऊ जातीचे.
सूर धरायला आमचा निवृत्ती भाटजिरे,
उभा राहिला की वाटायचं, दारच लावून घेतलंय.

त्यांच्यात एक गायधनी. बारकासा, कानाला भोक.
नजर एकीकडे, खांदा दुसरीकडे,
आणि तो स्वतः तिसरीकडूनच निघून जायचा.
पहिली पाटी गेली. दुसरी गेली.
तिसऱ्या पाटीवरचा वारुंगसे नुसता फिरत राहिला
घाण्याच्या बैलासारखा.

चौथी माझी.
तो आला आणि थांबला.
दोघांच्या मध्ये वीतभर फक्की,
त्याच्या श्वासाला वेलदोड्याचा वास.
हुलकावणी दिली त्यानं. मी फसलो. मग वळलो,
हात टाकला.
तळव्याला घाम, घामाखाली कापड,
कापडाखाली माणूस.
एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

"मारला!"
पंच म्हणाले, "खेळ चालू."
कारखान्यातला कारकून छाट काढताना
विडीकडे बघतो ना, तसं बघितलं माझ्याकडे,
आणि बाजूला टाकलं.

एका पाटीनं हरलो.
जिंकलेल्यांना ढाल, हरलेल्यांना
तांबट आळीतलं एकेक फुलपात्र.
बापानं तळहातावर तोलून वजन सांगितलं,
मग त्या दिवसाच्या बुडालेल्या हजार विड्यांची मजुरी सांगितली.
आई पुढं त्यानंच तंबाखू मापायची.

एवढीच गोष्ट. पण एकोणऐंशी साली
नाशिकच्या स्टँडवर, सिन्नर गाडीच्या रांगेत,
एका टक्कल पडलेल्या माणसानं माझ्या हाताकडे बघितलं.
चेहऱ्याकडे नाही, हाताकडे.
"सिन्नरचे का?" म्हणाला. "पाटी कितवी?"
कानाला भोक होतं.

चहा त्यानं पाजला. बशीत ओतून फुंकत राहिला,
प्याला नाही.
म्हणाला, बनियनवर चार बोटं उठली होती,
उजव्या खांद्याखाली, तपकिरी.
ढाल घेताना पाठ भिंतीला लावून उभा होतो.
घरी आईनं विचारलं, कुठं लागलं रे?
रिठ्यानं धुतलं, सोड्यानं धुतलं,
शेवटी त्याचं पुसणं केलं, तरी बोटं होतीच.
रोज पाट पुसताना दिसायची.

काय बोलायचं असतं अशा वेळी?
अठ्ठावीस वर्षं मनात वाक्यं रचली होती,
एकेक विडी वळावी तशी, दोरा गुंडाळून, तोंडं मुडपून.
गाडी लागली. कंडक्टर दार आपटत होता.
मी म्हटलं,
"राखेनं धुवायचं होतं हो.
तंबाखूचा डाग राखेनं जातो."

तो हसला. बशी तशीच भरलेली.
खिडकीतून बघितलं तर उभाच होता,
पाठ माझ्याकडे करून,
मुद्दाम की काय, कळलं नाही.